ब्रिटानियाची फाळणी

इ. स. १९९७ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं ब्रिटानिया देशाचा राजा लॉर्ड ब्रिटिश हा प्रजेला दर्शन देण्याकरितां बाहेर पडला, आणि आपल्याच प्रजाजनांपैकीं एकाच्या हातून भर गर्दींत मारला गेला. हा देश कोणत्याही नकाशांत सांपडावयाचा नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत ऑस्टिन नांवाचें शहर आहे. तेथील ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीनें संगणकांत निर्माण केलेली ती एक मायानगरी होती, आणि ‘अल्टिमा ऑनलाईन’ हें त्या खेळाचें नांव. राजाचें सोंग घेतलेला गृहस्थ म्हणजे या खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट. खेळ विक्रीस यावयाला अजून महिना-दीड महिन्याचा अवकाश होता. यंत्रांना किती भार सोसतो हें पाहण्यासाठीं त्या दिवशीं पुष्कळ खेळगडी एकदम आंत घेण्यांत आले होते. राजाच्या अंगावर कोणतेंही शस्त्र चालूं नये अशी योजना होती; परंतु मध्यंतरीं यंत्र बंद पडून पुन्हां चालूं झालें, आणि तें अभेद्य कवच पुन्हां चढवावयास राजे विसरले. गर्दींत रेन्झ नांवाचें एक पात्र उभें होतें. त्याच्यापाशीं दुसऱ्याच्या पिशवींतून उडविलेला मंत्राचा एक कागद होता. त्यानें तो वाचला, राजाच्या पायांशीं अग्नि पेटला, आणि राजा कोसळला. राजपक्षाच्या मंडळींनीं राक्षस बोलावून तेथें जमलेल्या निरपराध प्रजेची कत्तल केली. रेन्झला पुढें खेळांतून हद्दपार करण्यांत आलें; मात्र कंपनीनें कारण सांगितलें तें राजवधाचें नव्हे, तर खेळांतील उणिवांचा त्यानें पूर्वीं गैरफायदा घेतला होता हें.

ही गोष्ट पुढें कौतुकानें सांगितली जाऊं लागली, आणि ती हंसण्यासारखी आहेही. परंतु त्यानंतरचीं तीन वर्षें ज्या कलहानें ब्रिटानियाला पोखरलें, त्याचीं बीजें या एका प्रसंगांत सांपडतात. सोंगानें केलेला खून हा खून समजावयाचा किंवा नाहीं? आणि खेळाचे नियम ज्याच्या आड येत नाहींत त्याच्या आड दुसरें कोणी यावें तें कोणत्या अधिकारानें?

प्रश्न अगदींच नवा नव्हता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें १९७८ सालीं ‘मड’ नांवाचा खेळ रचावयास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल यानें तो पुरा केला. त्यांत चित्रें मुळींच नव्हतीं. पडद्यावर शब्द उमटावयाचे आणि शब्दांनींच उत्तर द्यावयाचें, एवढाच व्यवहार. तरीही त्या शब्दांच्या राज्यांत एका खेळगड्यानें दुसऱ्याला ठार करण्याची सोय होती, आणि ती वापरलीही जात असे. याच खेळाच्या पुढील आवृत्तींतील वरिष्ठ मंडळींमध्यें १९८९ च्या नोव्हेंबरपासून १९९० च्या मे महिन्यापर्यंत एक लांबलचक वाद चालला: माणसें येथें येतात तीं नेमकीं कशासाठीं? त्या वादाचें सार बार्टलनें १९९६ सालच्या एका निबंधांत मांडलें. कोणी मान आणि पदवी मिळविण्यास येतो, कोणी अज्ञात कोनाकोपरा धुंडाळण्यास येतो, कोणी केवळ चार माणसांत बसण्यास येतो, आणि कोणी दुसऱ्यावर जरब बसविण्यास येतो. या चौथ्या वर्गाला त्यानें ‘मारेकरी’ हेंच नांव दिलें. हे चार वर्ग एकमेकांच्या संख्येवर कसा परिणाम करतात, मारेकरी वाढले कीं गप्पिष्ट मंडळी कशी पळ काढते, याचा त्यानें मांडलेला ताळा आजही वाचण्यासारखा आहे. त्यानें कोणालाही नालायक ठरविलें नाहीं, हें विशेष.

अमेरिकेंत याच प्रश्नाशीं लोकांची गांठ पडली ती १९८६ सालीं. लुकासफिल्म कंपनीच्या खेळ विभागानें ‘हॅबिटॅट’ नांवाचें एक चित्रमय गांव वसविलें. घरोघरच्या कमोडोर ६४ या लहान संगणकावरून, टेलिफोनच्या तारेनें, लोक त्या गांवांत येत. पडद्यावरील आपल्या बाहुलीला तेथें ‘अवतार’ म्हणत. गॅरियटनें १९८५ सालच्या आपल्या एका खेळाच्या नांवांतही हाच शब्द योजिला होता. सज्जनांच्या रक्षणासाठीं देवानें खालीं उतरावें या अर्थाचा हा संस्कृत शब्द अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडे गेला, आणि तेथें गेल्यावर त्यानें लवकरच हातीं बंदूक घेतली. मेलेला अवतार स्वतःचें मुंडकें हातांत धरलेल्या स्थितींत घरीं परत पोंचे. खिसे रिकामे झालेले, आणि हातांतील वस्तु मरणाच्या जागीं पडलेली. या गांवाचे रचनाकार चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, ‘खून हा गुन्हा कीं खेळाचाच भाग’ असा कौल घेतला असतां मतें जवळजवळ निम्मीं-निम्मीं पडलीं. खेळणाऱ्यांपैकीं एक गृहस्थ प्रत्यक्ष जीवनांत ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांनीं त्या गांवांत एक देऊळच स्थापन केलें आणि शिष्यांना शस्त्र व चोरी वर्ज्य केली. शेवटीं तडजोड झाली ती अशी: गांवाच्या हद्दींत कोणीं कोणाला मारूं नये वा लुटूं नये, हद्दीबाहेरच्या रानांत ज्याचें नशीब त्याच्यापाशीं. गांवकऱ्यांनीं एक कोतवालही निवडून दिला.

गांव लहान होतें म्हणून ही तडजोड टिकण्यासारखी होती. ब्रिटानियांत तसें नव्हतें. १९९७ च्या २४ सप्टेंबर रोजीं खेळ विक्रीस आला, आणि कांहीं महिन्यांतच त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक लाखावर गेली. दरमहा सुमारें दहा डॉलर वर्गणी भरून एवढीं माणसें एका काल्पनिक देशांत राहावयास येतील हें खुद्द कंपनीलाही वाटलें नव्हतें. शिवाय हा देश नीतीच्या नांवानें प्रसिद्ध होता. गॅरियटच्या पूर्वीच्या खेळांत जो नायक होऊं इच्छी त्याला सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनय या आठ गुणांची साधना करावी लागे. खोटें बोलणारा वा आंधळ्या दुकानदारणीला फसविणारा त्यांत यशस्वी होत नसे. तो खेळ एकट्यानें खेळावयाचा होता. एकटा माणूस असला कीं सद्गुण स्वस्त पडतात असें म्हणावें लागेल.

नव्या ब्रिटानियांत ज्याला तरवार नको त्याच्यासाठींही जागा होती, हें तिचें खरें वैशिष्ट्य. लोहार, शिंपी, सुतार, कोळी, लांकूडतोड्या, पाव भाजणारा, अशा धंद्यांवर माणसें तासन्‌तास खपत. मिनॉक नांवाच्या गांवाजवळ डोंगर होते. तेथें कुदळ घेऊन धातु खणावयाची, ती वाहून आणावयाची, वितळवावयाची, आणि मग कोठें एक ढाल व्हावयाची. दिवसभराची नोकरी करून आलेला कोणी कारकून रात्रीं घरच्या संगणकासमोर बसून हें काम आनंदानें करी. शहराच्या वेशीआंत त्याला भय नव्हतें. ‘शिपाई’ म्हणून हांक मारतांच पहारेकरी प्रकट होऊन गुन्हेगाराला जागच्या जागीं कापून काढीत. परंतु खाणी वेशीबाहेर होत्या. तेथें टोळ्या दबा धरून बसत. ‘कॉर्प पोर’ या दोन शब्दांचा मंत्र डोक्यावर झळके, आणि खाणकरी पडे. त्याच्या अंगावरील कपड्यांपासून कुदळीपर्यंत सारें त्याच्या प्रेतावरून उचललें जाई. मेलेल्याचें भूत होई व तें करड्या रंगांत भटकत एखाद्या वैद्याचा शोध घेई, कारण वैद्यानें उठविलें कीं पुन्हां देह मिळे. या भुताला बोलतां येई. परंतु विशिष्ट विद्या न शिकलेल्या जिवंत माणसाला त्याचें बोलणें केवळ ‘ऊऽऽ ऊऽऽ’ असें उमटलेलें दिसे. ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला मृतांच्या तक्रारींचें पुढें काय होतें याची चांगली जाण असली पाहिजे.

यांत आणखी एक विषमता होती, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाहीं. त्या काळीं बहुतेक घरीं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मंदगतीनें येई. विद्यापीठांत किंवा मोठ्या कचेरींत बसलेल्याला मात्र वेगवान जोडणी मिळे. मंद तारेच्या टोकाशीं बसलेल्या माणसाला हल्ला दिसे तोंपर्यंत तो संपलेला असे. त्याला वाटे आपण युद्धांत हरलों नाहीं, आपल्याला लढूंच दिलें नाहीं. त्यामुळें संतापाला धार आली.

मारेकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदींच पोकळ नव्हती. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या रानांत भय नाहीं तें रान नव्हे, बाग होय. वाटेंत लुटारू आहेत म्हणूनच सोबत्याची किंमत, वेशीशीं पोंचल्याचा आनंद, आणि लुटारूंविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वीराची कीर्ति. ही गोष्ट खरी होती. मारेकऱ्यांच्या भयानेंच पुष्कळ अनोळखी माणसें एकत्र आलीं. त्यांनीं संघ स्थापले, खाणींवर पहारे बसविले, आणि आपल्या हिंमतीवर वस्त्या राखल्या. जीं खरीं सोंगाचीं रसिक माणसें, त्यांच्यांतही कांहीं दुष्टांचींच सोंगें घेत. कोणी रानटी ‘ऑर्क’ जातीचे होऊन मोडक्यातोडक्या बोलींतच बोलत, वाटसरूकडून खंडणी मागत, आणि ती मिळाली कीं त्याला सोडूनही देत. अशा दरोडेखोराच्या हातून लुटलें जाण्यांत एक प्रकारची मौज आहे, हें लुटले गेलेलेही कबूल करीत.

खरी तेढ येथेंच पडली. खंडणी मागणारा ऑर्क आणि एक शब्द न बोलतां खाणकऱ्याला दहाव्यांदा मारून त्याच्या प्रेताभोंवतीं नाचणारा टोळभैरव, हे दोघेही खेळाच्या नियमांच्या दृष्टीनें सारखेच खुनी. परंतु पहिला दुसऱ्या माणसाला खेळांत घेत होता आणि दुसरा त्याला खेळांतून हांकलून देत होता. तमाशांतील सोंगाड्याला समोरच्याची फजिती करण्याचा अधिकार आहे. पण समोरचा उठून घरीं गेला तर तमाशा राहत नाहीं. ब्रिटानियांतून माणसें उठून घरीं जाऊं लागलीं. जीं राहिलीं तीं एकमेकांना दूषणें देऊं लागलीं: एक पक्ष दुसऱ्याला गुंड म्हणे, दुसरा पहिल्याला मेंढरूं म्हणे, आणि दोघेही मिळून कंपनीला नालायक म्हणत. त्याच वर्षअखेर खेळांतील दोषांना व यंत्राच्या संथपणाला कंटाळलेल्या एका जमावानें राजवाड्यांत शिरून, अंगावरचे कपडे उतरवून आणि मद्याचे प्याले रिचवून निषेध केला. हेंही अर्थात् सोंगानेंच.

खेळाचा प्रमुख रचनाकार राफ कोस्टर याची अशी श्रद्धा होती कीं, प्रजेच्या हातीं योग्य साधनें दिलीं तर प्रजा आपला बंदोबस्त आपणच करील. ही श्रद्धा त्याला बाधली, तथापि तिच्यासाठीं त्याला हंसणें अन्यायाचें होईल. कारण त्यानें साधनें देऊन पाहिलीं. प्रथम प्रत्येकाच्या कृत्यांवरून कीर्ति व अपकीर्ति मोजण्याची व्यवस्था होती. सज्जनाला चुकून आपल्यावर पहिला वार करावयास लावावें, म्हणजे कायद्यानें तोच गुन्हेगार ठरतो आणि त्याला मारण्यास आपण मोकळे, ही युक्ति लुच्च्यांनीं लवकरच शोधून काढली. खुन्याच्या डोक्यावर इनाम लावण्याची सोय झाली. परंतु ज्या जगांत मेलेला माणूस वैद्याकडे जाऊन उठतो तेथें डोकें तोडण्याचा धाक तो किती! १९९८ सालीं नवी पद्धत आली. निरपराध तो निळा, किरकोळ गुन्हेगार तो राखाडी, आणि खुनी तो लाल, अशा रंगांनीं माणूस दुरूनच ओळखूं यावा. मेलेल्याच्या पडद्यावर एक प्रश्न येई: खुन्याविरुद्ध तक्रार नोंदवावयाची आहे काय? अशा पांच तक्रारी झाल्या कीं खुनी लाल होई. शहराचे दरवाजे त्याला बंद होत, आणि मरून उठतांना त्याची शक्ति घटे. ही पद्धत पुष्कळच विचारानें केलेली होती. पण नोंदलेले खून खेळांत हजर राहिलेल्या ठराविक तासांनीं पुसले जात. म्हणून मारेकरी संगणक चालूं ठेवून निवांत झोंपीं जात व त्यांची शिक्षा परस्पर भोगली जाई. चार खून करून पांचवा टाळणारेही निघाले. नियम जितका बारीक, तितका त्याच्या कडेनें चालणारा हुशार.

शिक्षेला वजन येतें तें गमावण्यासारखें कांहीं असेल तर, आणि लाल झालेल्या पात्राचा मालक दुसरें पात्र घेऊन निळा होऊन वावरत होता. गांवांत माणसाला शेजारधर्म पाळावयास लावणारी जी गोष्ट, म्हणजे उद्यांही आपल्याला याच नांवानें याच गल्लींत राहावयाचें आहे ही जाणीव, ती येथें उणी होती. मग ज्याचें गेलें तें मात्र खरें गेलें काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे म्हण आहे कीं, सगळीं सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं. ब्रिटानियांत तें सोंगही खरें झालें. १९९९ च्या सुमारास खेळांतील सोनें आणि घरें ‘ईबे’ या लिलावाच्या पेढींत खऱ्या डॉलरांना विकलीं जाऊं लागलीं. जमीन अपुरी पडल्यामुळें घरांना विशेष भाव येई. लुटलेल्या ढालीची किंमत आतां हिशेबाच्या वहींत मांडतां येत होती. आणि लुटारूचें ‘हा केवळ खेळ आहे’ हें उत्तर त्या प्रमाणांत लंगडें पडलें.

याच वर्षीं ‘एव्हरक्वेस्ट’ नांवाचा प्रतिस्पर्धी खेळ निघाला. त्याच्या बहुतेक सर्व्हरांवर एकानें दुसऱ्याला मनाविरुद्ध मारण्याची सोयच नव्हती. ज्यांना ती हवी त्यांच्यासाठीं वेगळा सर्व्हर होता. लोकांची रीघ तिकडे लागली. ओरिजिन कंपनीला स्वस्थ बसणें शक्य नव्हतें. २००० सालीं तिनें ब्रिटानियाची फाळणी केली.

फाळणी नदी वा डोंगर धरून झाली नाहीं. सबंध देशाची दुसरी प्रत काढण्यांत आली. तींच गांवें, तेच रस्ते, त्याच खाणी. ब्रिटानियाच्या आकाशांत ट्रॅमेल आणि फेलुका असे दोन चंद्र होते, त्यांचीं नांवें या दोन देशांना मिळालीं. ट्रॅमेलमध्यें ज्याची इच्छा नाहीं त्याच्यावर कोणाला हात टाकतां येईना. फेलुकांत जुना कायदा राहिला. आणि रचनाकारांनीं त्या भूमींत वठलेलीं झाडें व थडगीं पेरून तिला सुतकी रूप दिलें. शांतताप्रिय मंडळी ट्रॅमेलकडे निघाली. तेथें नवी जमीनही होती, त्यामुळें घर बांधावयास जागा शोधणाऱ्यांची झुंबड उडाली.

खाणकऱ्याला सुख झालें, याबद्दल शंका नाहीं. परंतु ज्यांनीं खाणींवर पहारे बसविले होते त्यांचें काय झालें, हेंही पाहावयास हवें. ट्रॅमेलमध्यें त्यांची गरज उरली नाहीं, आणि फेलुकांत ज्यांना राखावयाचें तीं माणसें उरलीं नाहींत. मारेकऱ्यांचीही तीच गत झाली. लांडग्यांच्या वांट्याला लांडगेच आले. फेलुकांत धातु व लांकूड दुप्पट मिळेल असें आमिष कंपनीला पुढें दाखवावें लागलें, यावरूनच ती भूमि किती ओस पडली होती तें कळतें. व्यापाराच्या दृष्टीनें फाळणी योग्य होती, आणि सामान्य खेळगड्याच्या दृष्टीनेंही ती बहुधा टळण्यासारखी नव्हती. पण ‘ट्रॅमेल’ हा शब्द जुन्या खेळगड्यांच्या तोंडीं पुढें शिवीसारखा येऊं लागला तो केवळ खुमखुमी जिरली म्हणून नव्हे. भय सोसून एकत्र उभीं राहिलेलीं माणसें भय संपतांच पांगलीं, याचें दुःखही त्यांत होतें.

पुढील खेळांनीं ही फाळणी मुळांतच स्वीकारली. २००४ सालीं निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अतिशय लोकप्रिय खेळांत शांततेचे सर्व्हर निराळे, लढाईचे निराळे, सोंगाच्या रसिकांसाठीं आणखी निराळे, अशी व्यवस्था होती. खेळगड्यानें दारांतच निवड करावयाची. म्हणजे पुढें तक्रारीला जागा नाहीं. आइसलंडमधील ‘ईव्ह ऑनलाईन’ या २००३ सालच्या खेळानें मात्र एकच विश्व ठेविलें, आणि मध्यभागीं पोलिसांचा पहारा, कडेला मोकळें रान, असा हॅबिटॅटच्या गांवांतला जुनाच बेत आकाशाएवढा करून मांडला.

दारांत निवड केली म्हणजे तंटा मिटला, ही समजूत किती टिकली तें २००६ सालीं दिसलें. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ‘इलिडन’ नांवाच्या, लढाईसाठीं राखलेल्या सर्व्हरवर खेळणारी एक स्त्री प्रत्यक्षांत मृत्यु पावली. तिच्या सोबत्यांनीं खेळांतच तिला निरोप द्यावयाचें ठरविलें. तिला बर्फ आवडे, आणि खेळांत मासे धरीत बसणें आवडे, कारण पाण्याचा आवाज तिला शांत करी. म्हणून विंटरस्प्रिंग नांवाच्या हिमप्रदेशांतील एका तळ्याकांठची जागा त्यांनीं निवडली. ती लढाईची भूमि होती. वेळ आणि स्थळ त्यांनीं उघड जाहीर केलें, आणि विघ्न आणूं नये अशी विनंतीही केली. मंडळी शस्त्रें न उगारतां एका रांगेंत उभी असतां शत्रुपक्षाच्या एका संघानें हल्ला करून सर्वांना कापून काढलें, आणि त्याची चित्रफीत करून ती जगभर दाखविली.

त्या चित्रफितीवरून जो वाद पेटला त्यांत दोन्हीं बाजूंनीं मांडलेला जवळजवळ प्रत्येक मुद्दा ब्रिटानियाच्या खाणींवर पूर्वींच मांडला गेला होता. एक म्हणत, भूमि लढाईची, निवड तुमची, नियम कोणीं मोडला? दुसरे म्हणत, त्या रांगेंत त्या दिवशीं कोणीही सोंग घेऊन उभें नव्हतें, आणि हें मारणाऱ्यांना पुरतें ठाऊक होतें. नियमांच्या पुस्तकांत पहिल्यांचें म्हणणें बसत होतें. पण नियम खेळासाठीं केलेले असतात, आणि समोरचा माणूस कांहीं वेळ खेळत नाहीं हें कळल्यावरही जो नियमच पुढें करतो, तो खेळाच्या नांवानें दुसरेंच कांहीं साधत असतो. चूक शोकाकुल मंडळींचीही होती, अशी टीका झाली. त्यांनीं शांततेचा सर्व्हर गांठावयास हवा होता. परंतु ज्या ठिकाणीं ती बाई मासे धरीत बसली होती तें ठिकाण तर येथेंच होतें.

२०१८ सालीं याच खेळानें लढाईचे निराळे सर्व्हर काढून टाकले. तेव्हांपासून दोन्हीं वृत्तींचीं माणसें एकाच भूमीवर नांदवावयाची व्यवस्था आली, आणि लढाईस तयार असल्याची खूण आपल्या पक्षाच्या राजधानींत जाऊन ज्याची त्यानें चालूं करावयाची ठरली. ती खूण लावलेल्याला खूण नसलेला, त्याच रस्त्यावर उभा असूनही, दिसेनासा झाला.